हेमांगीच्या डावातलं लिंबू

सुनेचं कौतुक सासूनं चारचौघांत करू नये, नजर लागते, असं माझी आई म्हणायची. लागली तर लागू दे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, माझा नजरेबिजरेवर विश्वास नाही. हेमांगीवर मात्र आहे, आणि तो कसा बसला तेच सांगणार आहे.

तर आमची हेमांगी व्हिडिओ गेम बनवते. खेळत नाही, बनवते. ठाण्याला आमच्या नौपाड्यात हे कुणाला सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "हो का! आणि नोकरी?" अहो, नोकरीही आहे! वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात ती शाळेच्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे धडे करते. गेम तिचा स्वतःचा. त्याला ना कंपनी, ना साहेब. सकाळी आंघोळीच्या आधी जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा धरून लॅपटॉप उघडते आणि चहा शेजारी गार होत राहतो. चित्रं तिची, नियम तिचे. पत्ते पिसल्याचा आवाज तेवढा माझ्या हातचा. आमचाच जुना कॅट मी पिसला आणि तिनं तो आवाज फोनवर टेप करून घेतला.

गेमचं नाव 'तळ्यांचं गाव'. ठाण्याच्या एकेका तळ्याकाठी एकेक खमका प्रतिस्पर्धी बसलेला आहे. तुम्ही निघता तेव्हा हातात नुसत्या दुऱ्या-तिऱ्या. तलावपाळीला पहिला भेटतो रिक्षावाला. तो डाव सुरू व्हायच्या आधीच एक रंग नाकारतो, "बदाम? तिकडे नाही जाणार!" त्याला हरवलंत की एक नवा पत्ता निवडायचा आणि पुढच्या तळ्याला लागायचं. कचराळीला सोसायटीचा सेक्रेटरी आहे, तो डाव अर्ध्यात आला की नियम बदलतो. त्यापुढे लग्नं जुळवणारी एक आत्या, ती गोड बोलून तुमचा सगळ्यांत चांगला पत्ता उचलते. आणि कुठेही हरलात की खेळ खलास. जमवलेलं सगळं गेलं, परत तलावपाळी, परत दुऱ्या-तिऱ्या, आणि या वेळी पुढे येणारे पत्ते निराळे. असल्या खेळांना रोगलाइक म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "अगं, माणसाला इतकं छळायचं कशाला?" तर म्हणाली, "आई, त्यातच तर मजा आहे. हरता हरताच माणूस शहाणा होतो."

आता तो गेम इंटरनेटवर आहे आणि कोण कुठली परदेशातली मुलं आमच्या कचराळीच्या सेक्रेटरीला शिव्या घालतात. ते वाचून मला फार बरं वाटतं. पण हरता हरता शहाणं होण्याचं तत्त्वज्ञान सांगणारी हीच बाई मध्यंतरी काय करून बसली होती, ते ऐका.

हे, म्हणजे माझे यजमान त्र्यंबकराव, ठाण्याच्या कोर्टात वकिली करत. आवाज असा की आत यांचा युक्तिवाद सुरू झाला की बाहेर चहाच्या टपरीवर कळायचं. पत्त्यांचा नाद दांडगा. दर रविवारी दुपारी आमच्याकडे मेंढीकोट. समोरच्या ब्लॉकमधले शिवराम भावोजी आणि त्यांची जया एका बाजूला, आम्ही नवरा-बायको दुसऱ्या. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, जास्त मेंढ्या पकडेल तो जिंकला, एवढा साधा खेळ. पण हे तो खुनाच्या खटल्यासारखा खेळायचे. माझं एखादं पान चुकलं की सगळ्यांसमोर, "तू गणिताची बाई ना गं?" आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. रविवारी आमची भजी ठरलेली आणि भांडणं ठरलेली.

मागच्या वर्षी गणपतीनंतर यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. शब्द डोक्यात असतो, ओठांपर्यंत येत नाही. ज्या माणसानं बोलण्यावर संसार केला त्याची ही गत! मला देवाचा इतका राग आला की कितीतरी दिवस मी देवापुढे निरांजन लावलं नाही.

थोडे सावरल्यावर शिवराम भावोजींनी रविवारचा डाव परत मांडला. यांच्यासाठी पत्ते उभे करून ठेवायला खाच पाडलेली लाकडी पट्टीही करून आणली. सगळं प्रेमानंच. पण थोडा खेळ होतोय न होतोय तोच भावोजींनी आपली मेंढी, राखून ठेवता येत असताना, सरळ यांच्या एक्क्याखाली टाकली. मागून जयानं दुसरी टाकली. आणि दोघं माझ्याकडे बघून हसली. यांनी डाव्या हातानं टेबलावरचे सगळे पत्ते खाली लोटले. त्यानंतर हे पत्त्यांना शिवले नाहीत. खिडकीशी बसून राहायचे. आम्ही सगळे यांच्याशी हॉस्पिटलातल्या नर्ससारखं हळू नि गोड बोलायचो, आणि हळूहळू त्याचंही उत्तर येईनासं झालं. डॉक्टर म्हणाले, यांनी बोललं पाहिजे, डोकं चालवलं पाहिजे, नाहीतर आहे तेही जाईल. या एका भीतीनं मला अन्न गोड लागत नव्हतं.

माझा मुलगा सुश्रुत यांना पुस्तकं वाचून दाखवायला बसला की हे डोळे मिटून घ्यायचे. हेमांगीनं काय केलं? तिनं आपला अर्धामुर्धा झालेला गेम मोडला आणि पुन्हा बांधला, डाव्या हाताच्या एका अंगठ्यानं खेळता येईल असा. पत्ते मोठे केले. घाई करणारं घड्याळ काढून टाकलं. मग टॅब यांच्या मांडीवर ठेवला, काही समजावत बसली नाही, आणि चपला घालून ऑफिसला निघून गेली. ती परत येईपर्यंत यांनी रिक्षावाल्याला हरवलं होतं.

मग काय विचारता! घरात दिवाळी. सेक्रेटरी हरला, आत्या हरली. हे रोज जिंकत होते, मान डोलवत होते, चहा आणला की चक्क "हं" म्हणत होते. मी जयाला बोलावून बोलावून दाखवलं. सुश्रुत पेढे घेऊन आला. शेवटचं तळं तेवढं हेमांगीचं अजून करून व्हायचं होतं.

एका रविवारी सकाळी यांनी टॅबवर बोट टकटक वाजवून हेमांगीला बोलावलं. मी तिथेच मेथी निवडत होते. यांनी तिच्यादेखत डाव सुरू केला आणि मुद्दाम वाईट खेळले. एक्का हातात असताना दुरी टाकली. हुकूम फुकट घालवला. शाळकरी पोर खेळणार नाही असं खेळले. तरी पुढचा पत्ता आला तो नेमका हवा तोच, आणि हे जिंकले. पुन्हा खेळले, पुन्हा हरायला बघितलं, पण हरता येईना. मग टॅब पालथा ठेवला, हेमांगीकडे बघितलं, आणि ओठ जुळवत जुळवत एकच शब्द काढला, "लिंबू."

हेमांगीचा चेहरा पांढराफटक पडला.

लिंबू म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लपंडाव असो की पत्ते, घरातलं सगळ्यांत धाकटं ते कच्चं लिंबू. ते खेळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद होत नाही. हेमांगीचं माहेर कोपरीचं, चाळीतलं. सुट्टीभर गॅलरीत पत्त्यांचे अड्डे, आणि ही सगळ्यांत लहान. "आई, मी कित्ती वर्षं लिंबू होते," ती स्वयंपाकघरात रडत सांगत होती. "मला एवढं भारी वाटायचं ना! सगळे दादा-ताई मला सांभाळून घ्यायचे. म्हणून मी बाबांच्या टॅबवर तसं टाकलेलं. ते हरायला लागले की चांगला पत्ता आपोआप वर यायचा."

माझं डोकंच फिरलं. "अगं, तू तेव्हा एवढीशी होतीस! यांची सत्तरी उलटली आहे! पोराला लिंबू केलं तर ते नाचतं, म्हाताऱ्याला केलं तर त्याला कळतं. शिवराम भावोजींनी जे उघड केलं तेच तू मशीनकडून करवून घेतलंस!" बोलायचं ते मी बोलले. पण तिची माया मला दिसत का नव्हती? दिसत होती. त्या खोट्या जिंकण्यावर मीही हरखलेच होते.

यांनी टॅबला हात लावणं सोडलं. जेवताना हेमांगी पोळी वाढायला आली की ताट बाजूला सरकवायचे. ती पोर घरात चोरासारखी वावरू लागली. मला वाटलं, आता ही शिरा करेल, वाटी पुढे धरून माफी मागेल, यांचा राग निवेल. आपल्याकडे तीच रीत. पण हिनं शिरा केला नाही. लॅपटॉप घेतला आणि यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. "बाबा, हे बघा," म्हणाली, आणि पडद्यावर त्या लिंबाच्या ओळी कुठे आहेत, कशी लबाडी करतात, ते सगळं उलगडून दाखवलं. मग खोडायचं बटण यांच्या डाव्या हाताखाली आणून ठेवलं. यांनी ते स्वतः दाबलं.

"आता तुम्ही हरणार, बाबा," ती म्हणाली. "भरपूर हरणार. मी मध्ये पडणार नाही." यांनी टॅबसाठी हात पुढे केला.

आणि हरले की हो! रिक्षावाल्यानंच लोळवलं. उठून पुन्हा खेळले, पुन्हा हरले. आठवडेच्या आठवडे कचराळीच्या पुढे मजल जाईना. सुश्रुतला बघवेना. "हेमांगी, थोडंसं सोपं कर ना यार. डॉक्टर म्हणालेत टेन्शन नको."

"नाही करणार."

मग मीही एकदा म्हणून बघितलं. हे हरल्यावर कपाळावर हात मारून घ्यायचे. पुन्हा खिडकी धरून बसले तर? तेव्हा हेमांगी मला म्हणाली, "आई, रोज सकाळी लॅपटॉप उघडला की माझे हात शिवशिवतात हो. चार ओळी टाकल्या तर बाबा आज जिंकतील. पण मी नाही टाकणार." आणि नाहीच टाकल्या. इतकी धीराची माया मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. मला जमली नसती, हे मी छातीठोकपणे सांगते.

हे मात्र खुर्चीवर ताठ बसायला लागले. सेक्रेटरी नियम बदलायच्या आत मोठे पत्ते वापरून मोकळं व्हायचं, हे यांनी आपलं आपण शोधलं. आत्यासाठी एक दिसायला भारी पण बिनकामाचा पत्ता जवळ बाळगायला लागले, ती तोच उचलून खूश व्हायची. अधूनमधून तोंडातून "चोर!" नाहीतर "हट्!" निघायचं. तेवढ्यावर मी दिवस काढत होते. इकडे हेमांगीनं शेवटचं तळं पुरं केलं, उपवनचं.

एका शनिवारी दुपारी मी कणीक मळत होते आणि बाहेरून हाक आली, "हेमांगी!" पुरं नाव, न अडखळता. मी तशीच धावले, हेमांगीही यांच्याजवळ येऊन बसली. हे उपवनला पोचले होते. समोर काळ्या कोटातला एक वकील बसला होता. भुवया यांच्या, चष्मा यांचा. डाव मेंढीकोटासारखाच, चांगलाच रंगला. शेवटच्या हाताला मेंढी यांनी पकडली, मी टाळी वाजवणार, तेवढ्यात तो पडद्यावरचा वकील ओरडला, "ऑब्जेक्शन!" आणि तो हातच रद्द झाला. मेंढी गेली. डाव गेला. जमवलेलं सगळं जाऊन पडद्यावर तलावपाळी दिसायला लागली.

झालं, माझ्या मनात आलं. आता हा माणूस पुन्हा गप्प होणार.

"चूक आहे!" हे गरजले.

"काय चूक आहे?" हेमांगीनं विचारलं.

"निकाल... निकाल लागला होता! हात माझा झाला होता! मग ऑब्जेक्शन... नाही घेता येत!"

"गेममध्ये येतं, बाबा."

"नाही येत! वकील आहे ना तो? मग अपील करेल! वरच्या... वरच्या कोर्टात जाईल! निकालानंतर ऑब्जेक्शन घेणारा वकील... गाढव असतो!"

"मग तुमच्यासारखा कसा दिसतो?"

यांचे शब्द घसरत होते, ठेचकाळत होते, पण थांबत नव्हते. आणि हेमांगी तरी काय, उठून उभी राहिली, कमरेवर हात, आवाज टिपेला. झटक्यानंतर या घरात यांच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता.

"हरलात ते आधी मान्य करा!"

"नाही मान्य!"

"रडीचा डाव खेळताय तुम्ही, बाबा!"

"मी? रडी तू! तुझा... तुझा सगळा गेम रडी!"

हा आवाज जिन्यात गेला असणार, कारण जया धापा टाकत दार ढकलून आत आली. "प्रमोदिनी, अगं काय झालं? त्र्यंबक भावोजी बरे आहेत ना?"

मी पिठाच्या हातांनी तिला उंबऱ्यातच अडवलं. "काही झालं नाही," मी म्हटलं. "भांडताहेत. थांब जरा, ऐक."

जया थांबली. हे हेमांगीला वरच्या कोर्टात अपील कसं दाखल करतात ते ठासून सांगत होते, आणि ती तितक्याच जोरात "पण का?" म्हणून विचारत होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पुसणार कशानं, दोन्ही हात पिठाचे. मी तशीच उभी राहून ऐकत राहिले.