माझ्या गोष्टींतला मृत्यू दिवसा का येतो

मी अद्भुतकथा लिहिते आणि माझ्या बहुतेक गोष्टींत मृत्यू हा नायक असतो. बायकांना तो आवडतो. पत्रांत मुली विचारतात, तो देखणा नाही, गोड बोलत नाही, तरी त्याच्यावर जीव का जडतो? एका संपादकांनी सुचवलं होतं की त्याला रात्री आणा, थोडं धुकं घाला, अंगावर काळा झगा द्या, म्हणजे प्रेमकथेला रंग चढेल. मी नाही म्हटलं. माझा मृत्यू भर उन्हात येतो, दाराबाहेर उभा राहतो आणि विचारतो. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. सुरतेत, नवागामच्या एका ओट्यावर तो तसा झाला.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. माझा नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला होता आणि आम्ही खोल्यांच्या एका लांब रांगेत राहत होतो. रांगेपुढे ओटा होता. जेवणं उरकली की त्यावर सावली यायची आणि आम्ही चौघी तिथं धागे कापायला बसायचो. बुट्ट्यांची साडी लूमवरून उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत सुटे धागे लोंबत असतात. ते छोट्या कातरीनं साफ करायचे. सकाळी साड्यांचं गाठोडं यायचं, त्याला तिथं पोटलं म्हणतात, आणि संध्याकाळी ते परत न्यायला माणूस यायचा. या कामात हात आणि डोळे अडकतात, तोंड आणि कान मोकळे राहतात. म्हणून मी गोष्टी सांगायचे. वाचलेल्या संपल्या तेव्हा रचायला लागले.

ऐकणाऱ्या तिघी. मावशी अमळनेरच्या बाजूची, वयानं सगळ्यांत मोठी, घरी आणि दारी अहिराणीच बोलायची. दुसरी अकोल्याची, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते आणि तिला दिवस गेले होते. तिसरी शहाद्याची. तिचा नवरा वारला होता आणि ती आमच्याच रांगेत भावाकडे येऊन राहिली होती. एकच खोली, त्यात भाऊ, भावजय, त्यांची पोरं आणि ही. भावानं तिच्यासाठी सुरतेजवळच्या कडोदऱ्याचं एक स्थळ आणलं होतं. लूमवरचाच माणूस, बायको गेलेली, एक लहान मुलगी. ही होही म्हणत नव्हती आणि नाहीही. मला वाटायचं तिनं हो म्हणावं. माणूस बरा होता, आणि भावाच्या खोलीत तिनं कुठवर राहायचं?

मी त्या दिवसांत एक लांबलचक गोष्ट सुरू केली होती. एका राज्यात एक रुंद नदी, तिच्यावर होडी चालवणारी एक मुलगी. मृत्यूला पलीकडच्या काठावर जायचं तर तिच्याच होडीतून जावं लागे. तिला न्यायची वेळ झाली तेव्हा तो तिच्या प्रेमात पडला. मी त्याला रीतसर सजवला. मध्यरात्र, काळा घोडा, काळे कपडे, जळते डोळे.

"दिसाले कसा शे?" मावशीनं विचारलं.

"उंच, गोरा. बघताक्षणी भूल पडेल असा."

"काम काय करस?"

"मावशी, मृत्यू आहे तो. माणसं न्यायचं काम."

"म्हणजे काम कायमचं शे. मंदी नही, लूम बंद पडाना धाक नही."

"पण रजा नाही त्याले," अकोल्याची म्हणाली.

"आमना माणसेस्ले कोठे शे रजा? माय शे का त्याले?"

"नाही. आई नाही, बहिणी नाहीत."

"सासू नही, नणंद नही. मंग देई टाका पोर."

"दारू पेते का पण?" अकोल्याचीनं काळजीनं विचारलं, आणि आम्ही हसलो.

शहाद्याची हसली की नाही ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नळावर मावशीनं मला बाजूला घेतलं. "त्या पोरीसमोर असली गोष्ट नको सांगू व. तिना धनी जायेल शे. तिले काय वाटत हुई?"

मला ते पटलं. दुपारी मी राजा आणि बोलक्या पोपटाची गोष्ट काढली. ती मलाच कंटाळवाणी वाटत होती. दोन-तीन दुपारी तीच चालली. मग शहाद्याचीनं कातरी न थांबवता विचारलं, "होडीवालीचं काय झालं?"

"ती गोष्ट राहू दे आता," मी म्हटलं.

"माझ्यापायी बंद केली ना?"

मी कातरीत अडकलेला धागा काढत बसले.

"माझ्यापायी सगळंच बंद होतं. परवा हळदीला गेले तर गाणं बंद झालं. भावजय हसत असते, मी आत गेले की तिचं हसणं बंद होतं. तुम्ही निदान गोष्ट तरी चालू ठेवा."

"तुला चालेल?"

"चालेल. पण तुम्ही सांगता तसा नसतो तो." तिनं साडी उलटून पुढची घडी समोर घेतली. "तुम्ही त्याला बघितलेला नाही, म्हणून अंधारात आणता. मी बघितलाय. भर दुपारी आला. आम्ही शेतात जेवायला बसलो होतो. ह्यांच्या हातात भाकर होती. छातीवर हात ठेवला न् आडवे झाले. घोडा नाही, काही नाही. लोक म्हणतात झडप घातली. झडप नाही घातली. अगदी हळू नेलं. मला विचारलं नाही, एवढंच."

मावशीची कातरी थांबली. "इचारं असतं तं काय सांगती तू?"

"म्हटलं असतं, जेवण होऊ दे."

आम्ही कोणी रडलो नाही. पोटलं अर्धं व्हायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी मी गोष्ट उघडली तेव्हा घोडा काढून टाकला. मृत्यू दुपारी आला, साध्या कपड्यांत, पायी. घाटावर आणखी माणसं होती, त्यांच्यात उभा राहिला. आपली पाळी आल्यावर म्हणाला, "तुला न्यायला आलोय. येतेस का?" होडीवाली म्हणाली, "अजून पलीकडची माणसं आणायची आहेत." तो म्हणाला, "बरं," आणि घाटाच्या पायरीवर बसला.

गंमत अशी की त्या दुपारी तिघींनाही तो आवडला. आदल्या आठवड्यात मी त्याला इतकं रूप दिलं होतं, तेव्हा त्याची नुसती थट्टा झाली होती. बसून राहिल्यावर मात्र अकोल्याची म्हणाली, "भला दिसते माणूस." लिहायला लागल्यावर मी यावर पुष्कळ विचार केला आहे. मृत्यूला भीतिदायक करणं सोपं, सुंदर करणं त्याहून सोपं. पण तो प्रियकर वाटायला हवा असेल तर आपल्या ओळखीच्या पुरुषांना जे जमत नाही ते त्याला जमलं पाहिजे. आमच्या गल्लीतल्या पुरुषांना थांबायला वेळ नव्हता आणि विचारायची सवय नव्हती. याला दोन्ही होतं.

शहाद्याचीनं एकच शंका काढली. "आधी तुम्ही त्याला रात्री का आणत होता? तिच्यासोबत कोणी बघेल म्हणून लाजत होता का तो?"

हा प्रश्न गोष्टीपुरता नव्हता, हे मला त्याच आठवड्यात कळलं. आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न लावतात त्याला पाट म्हणतात. पाट अंधार पडल्यावर, घराच्या मागच्या बाजूला, मोजक्या पुरुषमाणसांत उरकायचा. सवाष्णींनी तिथं जायचं नाही, पाटाच्या बाईचं तोंड सकाळपर्यंत बघायचं नाही. शहाद्याचीनं भावाला सांगितलं की कडोदऱ्याचं स्थळ मान्य आहे, पण पाट दिवसा लावायचा, समोरच्या ओट्यापुढं, बायकांच्या देखत. नाही तर नको.

भाऊ तडक आमच्याकडे आला. "वहिनी, तिच्या डोक्यात काय भरवलं तुम्ही?"

"मी मृत्यूची गोष्ट सांगत होते भाऊ. लग्नाची नाही."

"तेच म्हणतो मी. अभद्र."

"गोष्टमा मरण दिवसा येस," मावशी म्हणाली, "आन तुना कडोदराना नवरदेव अंधारमा? कोनले भ्यास तो?"

भाऊ ओट्यावर बसला. माणूस वाईट नव्हता. "मावशी, हे स्थळ गेलं तर दुसरं कुठून आणू? तुम्ही बोलून मोकळ्या व्हाल. ती माझ्या घरात राहील, आणि तिथं तिला काय सुख आहे ते मलाही दिसतं."

हे खरं होतं. शहाद्याची खाली मान घालून धागे कापत होती. मला वाटलं, मागे घेते आता. तिनं मागे घेतलं नाही.

रजेच्या दिवशी दुपारी कडोदऱ्याचा माणूस स्वतः आला. केसांत आदल्या पाळीची तुसं तशीच होती. भाऊ घरी नव्हता, म्हणून तो ओट्याशी उभा राहिला.

"मला दिवसाचं काही नाही," तो म्हणाला. "मी हल्ली दिवसपाळीलाच आहे. पण माझी आई म्हणते, सवाष्णी येणार नाहीत. मग कुंकू कोण लावणार? रिकाम्या अंगणात दोघांनीच बसायचं, ते तर रात्रीपेक्षा वाईट."

मग तो शहाद्याचीकडे वळला. "तुमचं पक्कं आहे का?"

"पक्कं."

"बरं." त्यानं पाणी मागितलं, पिऊन तांब्या पालथा ठेवला, आणि भाऊ येईपर्यंत ओट्याच्या टोकाला बसून राहिला. मावशी त्याला नीट न्याहाळत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण हसू आलं असतं.

आता प्रश्न आमचा होता. मावशी म्हणाली, मी येसू. पण मावशी एकटी. गल्लीतल्या बाकीच्या बायकांना विचारलं तर कोणाची सासू आड आली, कोणाचा नवरा. अकोल्याचीच्या सासूनं सक्त निरोप धाडला की पोटुशी बाई अशा ठिकाणी फिरकली तर बघा. माझा नवरा म्हणाला, "तू जा, पण गावाकडे आईला कळवू नको."

मला या सगळ्यात एक गोष्ट पटत नव्हती. ही बाई रोज आमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते, आमच्याच पोटल्यातल्या साड्या साफ करते. रोज तिचं तोंड बघितलेलं चालतं आणि नेमक्या त्याच दिवशी चालत नाही. वाद घालत बसायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "आपण पाटाला जायचंच नाही. आपण दुपारी कुठं असतो? ओट्यावर. काय करतो? धागे कापतो. आता आपल्यापुढं कोणी पाट मांडला तर काम सोडून आत जाऊन बसायचं का? संध्याकाळी पोटलं कोण देईल?"

मावशीनं मला पाठीवर चापट मारली. दुपारपर्यंत हे सगळ्या रांगेत पोचलं. कोणाच्याही सासूला पोटल्यापुढं काही बोलता येईना, कारण पोटलं सगळ्यांच्याच घरात येत होतं.

पाटाच्या दिवशी ओट्यावर बसायला जागा उरली नाही. ज्यांनी कित्येक महिन्यांत कातरीला हात लावला नव्हता त्याही साडी मांडीवर घेऊन आल्या. एक तर कापून झालेलीच साडी पुन्हा कापत होती. खाली अंगणात बसायला दोन लाकडी पाट मांडले होते. उन्हाचा तडाखा होता, म्हणून भावानं वर चादर बांधली. नवरदेवाची मुलगी आजीच्या मांडीवर बसून आमच्याकडे टकमक बघत होती. शहाद्याची हिरवी साडी नेसून आली, पदर डोक्यावर, पण तोंड उघडं. ओट्यावर कातऱ्या चालू होत्या, सगळ्यांच्या नजरा अंगणात. कुंकवाची वेळ आली तेव्हा मावशी साडी बाजूला ठेवून उठली, खाली उतरली आणि तिनं ते लावलं. परत येऊन मुकाट्यानं कामाला बसली.

पोटलं परत गेलं तेव्हा साड्यांना जागोजागी भोकं पडलेली निघाली. नेणारा माणूस बराच वेळ कुरकुरत होता.

अकोल्याची आली होती, पण सासूच्या धाकानं अंगणाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं होतं. सगळा वेळ ती तशीच बसली, खरोखर धागे कापणारी तेवढी एकटीच. पाट उचलले, मंडळी सामान घेऊन रिक्षाकडे निघाली, तेव्हा तिनं मान न वळवता मला विचारलं, "कशी दिसत होती?"

"चांगली. पदर जरा मोठा घेतला होता, सारखा सावरत होती."

"अन् हसली का?"

"मुलीनं तिची बांगडी ओढली तेव्हा हसली."

अकोल्याचीनं साडी घडी करून ठेवली. मग पोटाला हात लावून उठली, ओट्यावरून सावकाश उतरली आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागली. रिक्षा अजून निघाली नव्हती.