भानुदासनं वाचलेलं पाणी

पूर-मदतीसाठी परभणी जिल्ह्यात जायचा हुकूम आला तेव्हा मी सुभेदार होतो. माझं गाव पालम तालुक्यात. उमर फौजेत गेली, पण स्वतःच्या जिल्ह्यात कामावर, वर्दीत, मी पहिल्यांदाच निघालो होतो. सोनपेठच्या बाजूला गोदावरी पात्राबाहेर पडली होती. आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, एका शाळेत उतरला. पहिले काही दिवस बोटी, माणसं, धान्याची पोती, पुन्हा बोटी. पाऊस थांबत होता आणि परत सुरू होत होता. आभाळ खाली आलेलं. गावात कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

हवालदार भानुदास माझ्या प्लाटूनमध्ये होता. देवगाव फाट्याजवळच्या एका गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. कंपनीत त्याला सगळे ‘लायब्ररी’ म्हणत. त्याच्या ट्रंकेत कपड्यांइतकीच पुस्तकं असायची, आणि ती कधी एका जातीची नसायची. रहस्यकथा, प्रवासवर्णन, पैलवानाचं चरित्र, भुताच्या गोष्टी, मधमाशा पाळायची माहिती, जाडजूड कादंबऱ्या. एकदा सुट्टीवरून येताना त्यानं रद्दीच्या दुकानातून मातीची धरणं कशी बांधतात आणि कशी फुटतात यावरचं पुस्तक आणलं. कव्हर नव्हतं. तेही त्यानं कादंबरीसारखं वाचून काढलं.

मी विचारलं, “तुला काय धरण बांधायचंय?”

“न्हाई साहेब. पण दरसाल एकच पीक घेतलं की रान थकतंय. डोस्क्याचं बी तसंच हाय.”

तोवर मी पेपरातल्या खेळाच्या पानापलीकडे जात नसे. त्यानं मला आधी रहस्यकथा दिली. ती संपली तशी एका कैद्याची आत्मकथा दिली, मग कादंबरी. कादंबरी खोटी असते, ती कशाला वाचायची, यावर आमचा वाद व्हायचा.

“गोष्ट खोटी असंल, माणसं खरी असत्यात,” तो म्हणायचा. “एखादा हट्टाला पेटला की त्याच्यामागं कायतरी असतंच. पुस्तकात ते कळंस्तोवर आपण थांबतो. बाहेर कोण थांबतंय?”

त्या दिवशी सकाळी हुकूम आला. वरच्या अंगाच्या एका गावाजवळ जुना पाझर तलाव आहे, काठोकाठ भरलाय, जाऊन बघा. मी, भानुदास आणि जवानांचा एक सेक्शन ट्रकनं निघालो.

गावकरी सांडव्यापाशी जमले होते. जादा पाणी ज्या वाटेनं बाहेर पडायचं त्याच वाटेनं पडत होतं. सरपंच निवांत होते.

“सांडवा चांगला वाहायलाय साहेब. फिकीर करू नका. लय पावसाळे बघितलेत ह्या तलावानं.”

सगळे पाण्याकडे बघत होते. भानुदास बांधाच्या मागच्या बाजूला उतरला. मीही गेलो. पायथ्याला बाभळींच्या मुळाशी हाताच्या मनगटाएवढी धार वाहत होती. पाणी नितळ होतं.

“हा पाझर पहिल्यापासून हाय,” सरपंच वरून म्हणाले.

भानुदास उकिडवा बसून राहिला. चहा आला, त्यानं घेतला नाही. बऱ्याच वेळानं त्यानं मला हाक मारली. धार तेवढीच होती, पण पाणी आता चहासारखं दिसत होतं.

“साहेब, पाझर नितळ असला तर भ्यायचं कारण न्हाई. गढूळ झाला म्हंजे बांध आतून पोखरायलाय. वरून काय दिसत न्हाई. मग एकदम जातंय.”

मी रेडिओ उचलला आणि शाळेवरच्या आमच्या मेजर साहेबांना कळवलं.

“खात्री आहे? ओव्हर.”

“खात्री नाही सर. शंका आहे. ओव्हर.”

“शंका पुरे. गाव हलवा. आउट.”

तलावाखालच्या ओढ्याच्या काठची वस्ती सगळ्यात खाली होती. देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. लोक कुरकुरत निघाले. चुलीवर भाकरी तशाच राहिल्या, जनावरं सोडून दिली. दुपारपर्यंत वस्ती ओढ्यापलीकडच्या टेकाडावर गेली. एक म्हातारा तेवढा दारात बसून होता. सगळे त्याला आबा म्हणत. गावातल्या पोरांनी विनवलं, सरपंचांनी शिव्या दिल्या. तो जागचा हलेना. त्याला उचलून न्या, असं मी म्हणणार होतो. भानुदास त्याच्याशेजारी ओट्यावर टेकला.

“आबा, कशापायी थांबलाव?”

म्हाताऱ्यानं मागं दाराकडे बघितलं. मग म्हणाला, “आमची म्हातारी आत हाय. अंगावरून वारं गेलंय तिच्या. चौघांदेखत उचललेलं तिला खपायचं न्हाई. तिच्या अंगावर कापड बी धड न्हाई.”

हे शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. भानुदासनं दोन बायकांना परत बोलावलं. त्यांनी म्हातारीला लुगडं नेसवलं, खाटेवर घेतलं, तोंडावर पदर ओढला. आबा उठला आणि स्वतःच खाटेचा एक पाय धरू लागला.

यात वेळ गेला होता. भानुदास म्हणाला, “बांधाच्या पायथ्याला कोणतरी पाहिजे साहेब. काय बघायचं ते मला म्हाईत हाय.” मी त्याला एक रेडिओ देऊन जाऊ दिलं. आजही तोच हुकूम देईन.

खाट ओढ्यावरच्या फरशीपुलापाशी आली. फरशीवर गुडघाभर पाणी होतं. मध्यावर असताना वरून लोंढा आला असता तर सगळेच गेले असते. जवानांनी माझ्याकडे बघितलं. मी रेडिओवर विचारलं.

“भानुदास, ओलांडू का? ओव्हर.”

“धार मांडीएवढी झालीय. पाणी लाल. माती ढासळायलीय. थांबू नका, आत्ताच ओलांडा. ओव्हर.”

“तू वर ये.”

“खाट पार झाली का?”

“मध्यावर आहे.”

“मग हाय मी. फुटायला लागलं तर ओरडतो. खाट टाकून माणसं तरी पळतील.”

खाट पार झाली. आबा पार झाला.

“पार. निघ. ओव्हर.”

“निघालो.”

मग आवाज आला. गडगडाट नव्हता. ओलं पोतं उंचावरून टाकावं तसा आवाज. त्यानंतर पाण्याचा. वस्ती आमच्या डोळ्यांसमोर गेली. मी रेडिओवर त्याचं नाव घेत राहिलो. मेजर साहेबांनी मला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो खाली, ओढ्याच्या वळणावर सापडला. गावातलं कुणीही गेलं नाही.

त्याला घरी घेऊन मी गेलो. सलामी झाली, गर्दी पांगली. त्याच्या वडलांनी मला ओसरीवर बसवलं. ते शाळेत गेलेले नव्हते.

“साहेब, एक सांगा. ते फुटणार हे त्याला ठाऊक होतं?”

मला खोटं बोलता आलं असतं.

“होतं. आमच्यापैकी त्यालाच होतं.”

“कसं काय?”

“वाचलं होतं त्यानं.”

त्यांनी मान हलवली. “आन् तरी थांबला.”

“हो.”

ते उठले, आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. “घ्या,” म्हणाले. “लांबून आलाव.”

मी पाणी प्यालो. निवृत्तीनंतर शाळांमधून बोलायला बोलावतात तेव्हा मी एवढंच सांगतो. तो हवालदार भानुदास होता. सेलू तालुक्याचा. मिळेल ते वाचायचा, आणि खाट पार होईपर्यंत पायथ्याशी उभा होता.