सर्वानुमते

माझं अक्षर चांगलं, हीच माझी कॉलेजातली खरी पात्रता. मराठी शिकवायचे ती तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक. पण विकास समितीच्या सभेचं इतिवृत्त सात वर्षं माझ्याच हातचं, आणि ते सभेच्या आदल्या दिवशीच लिहून तयार. आमचे अध्यक्ष म्हणजे तालुक्याचे नेते, सगळ्यांचे साहेब. त्यांनी काय ठरवलंय ते फोनवर कळायचं. सभेत भडंग, चहा, आणि सगळ्यांनी मम म्हणून सह्या करायच्या. वेळ वाचतो, असं मीही म्हणायचे.

त्या जूनमध्ये प्राचार्यांनी मजकुराचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पाचवा ठराव: मराठीच्या तासिका साहेबांच्या भाचीला द्याव्यात. सर्वानुमते मंजूर.

"माझ्या हातात काही नाही हो, मॅडम," ते म्हणाले. खरंच नव्हतं. त्यांचं पदही प्रभारी, साहेबांच्या मर्जीवरचं. मी निमूट लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचा मला फार राग आला.

सभेला एक नवे सदस्य होते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या गावची मतं हलू नयेत म्हणून साहेबांनी त्यांना घेतलेलं. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना शोभेचे सुभेदार म्हणायचो. इतिवृत्ताची वही सहीसाठी त्यांच्यापुढे आली तसा त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तोवर ती कुणी वाचलीच नव्हती.

"आवं, मी अजून तोंड उघडलं न्हाई, आन् सर्वानुमते कसं?"

"रीतच हाय ती, सुभेदार. करा सही," साहेब हसत म्हणाले.

"करतो की. पर आदी सांगा, आत्ता कोण शिकवतंय?"

प्राचार्यांनी माझ्याकडे हात केला.

"मग ह्यांचं काय चुकलं?"

शेवटी प्राचार्यच म्हणाले, "काही नाही. चांगलं शिकवतात." तेवढ्यानेही मला भरून आलं.

ठराव व्हायचा तो झालाच, हात वर करून. 'सर्वानुमते' खोडून मी 'बहुमताने' केलं. सुभेदारांनी खाली बोट ठेवलं. "माझा इरोध हाय, त्ये बी लिवा."

आता मी आष्ट्यात क्लास घेते. नोकरी गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण सात वर्षांच्या त्या वहीत सभेत खरोखर बोललेलं असं सुभेदारांचं ते एकच वाक्य आहे, आणि तेवढ्या ओळीपुरतं माझं अक्षर बिघडलंय.