लागणीच्या चित्रातली बाई

आई चित्राजवळ गेली आणि तिनं आधी बैल ओळखला. "हा आपला पवळ्या. ह्याचं डावं शिंग असंच खाली वळेल होतं."

मी नाशिक रोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. दोन महिने रविवार घालवून हे तैलचित्र केलं होतं. चांदवडकडचं आमचं वावर, पौषातली धुक्याची सकाळ, कांद्याच्या लागणीला वाकलेल्या बाया, बांधावर शेळ्या, बाभळीखाली पवळ्या. उद्या प्रदर्शनाला न्यायचं, पण थंडीत तेलरंग वाळता वाळत नाही, म्हणून खिडकीत उन्हाला ठेवलं होतं.

आईनं चष्मा पुसला. "आन् ही पुढची, हिरव्या साडीतली, कोण रे?"

तोंड कुठं लपवू असं झालं मला. चित्रातली ती बाई म्हणजे आईच होती.

आई अशी नटूनथटून कधी लागणीला गेली नाही. वडील एकलहऱ्याला वीजकेंद्रात होते. त्यांचा विटलेला खाकी शर्ट ती लुगड्यावर चढवायची. थंडी आणि चिखल, दोन्ही त्यावर भागायचं. मी आधी तसंच रंगवलं होतं. मग वाटलं, प्रदर्शनात लोक काय म्हणतील? आणि खाकीवर हिरवा फासला. बैलाचं वाकडं शिंग मला चाललं, आईचा शर्ट चालला नाही. वा रे चित्रकार!

बरं, ही काही पहिली खेप नव्हती. सातवीत मी डबा विसरलो, तर ती वावरातून तशीच, त्या शर्टात, शाळेच्या फाटकाशी आली. पोरं फिदीफिदी हसली. वर्गातल्या समाधाननं विचारलं, "कोण रे ती?" मी म्हटलं, "आमच्याकडं कामाला हाय." डबा ठेवून ती तोवर लांब गेली होती, असं मी गेली चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलोय.

"आई, ती तूच आहेस," मी कसंबसं बोललो आणि ब्रश उचलला. "शर्ट राहिलाय. आत्ता रंगवतो."

तिनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे रवी. तुला तो तव्हाबी आवडत नव्हता."

मला वर बघवेना. ती पुन्हा चित्राकडं वळली, हिरव्या साडीकडं निरखून बघत राहिली आणि हसत म्हणाली, "पण कामाला ठिवेल बाईला एवढी भारी साडी कोण देतं रे?"