सात फूट तीन सूत

पुण्यात आणि पुण्याच्या आसपास ज्या बागांत, ज्या शाळांच्या आवारात पोरं झोके घेतात, त्यांतल्या कितीतरी झोक्यांच्या लोखंडी पाटाखाली एक अक्षर आहे. 'र'. वेल्डिंगने ओढलेलं, चिंचोक्याएवढं. बसणाऱ्याला ते दिसत नाही. ते बघायचं तर झोक्याखाली उताणं पडावं लागतं, आणि भर बागेत उताणं पडायला माणूस एक तर तीन वर्षांचा असावा, नाही तर झोका बनवणारा असावा.

'र' म्हणजे रहीम मुजावर. खडकी बाजारामागे, रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून, सीताराम शेठांनी एक पत्र्याची शेड उभी केली होती. झोके, घसरगुंड्या, सी-सॉ, गोल फिरणारी चक्रं, एवढंच तिथं बनतं. शेडपुढे फरशीचं अंगण. पाणी साचू नये म्हणून ते अंगण गटाराकडे हलकेच उतरत गेलेलं. एकतीस वर्षांपूर्वी रहीमचाचा त्या अंगणात उभे राहिले, आणि मग तिथलेच झाले. शाळा चौथीत सुटलेली. कुणी बसवून शिकवलं नाही. शेडमधले जुने उस्ताद पाठमोरे काम करायचे आणि हे त्यांच्या खांद्यावरून बघायचे. काही विचारलं तर उस्ताद म्हणायचे, "डोळे दिलेत ना देवानं? मग तोंड कशाला वापरतोस?" असं बघून बघून चाचांनी लोखंड आपलंसं केलं. एक डोळा मिटला की पाइप सरळ आहे की वाकडा, ते त्यांना कळायचं. त्यांचं एकही काम कधी परत आलं नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जो अभिमान होता तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

सीताराम शेठ गेले, पण त्यांचा एक शिरस्ता मागे राहिला. झोका जागेवर उभा राहिला की पहिला झोका बनवणाऱ्याने घ्यायचा. पोरांनी नंतर. "ज्याला स्वतः बसायचंय तो कच्चं काम करत नाही," शेठ म्हणायचे, आणि आपला भला मोठा देह घेऊन कधीकधी स्वतःच बसायचे.

आता गादीवर त्यांचा मुलगा दिग्विजय होता. शिकलेला, घाईतला, पण मनाचा वाईट नाही. मागण्या वाढत होत्या, हात कमी पडत होते. त्याने आयटीआयमधून वेल्डिंग शिकून आलेल्या एका मुलीला कामावर घेतलं. निकिता ओव्हाळ, बोपोडीची. तीन महिने बघायचं, मग कायम करायचं की नाही ते रहीमचाचा सांगतील, असं ठरलं.

चाचांनी पहिल्या दिवशी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाले, "सर्टिफिकेटला लॅमिनेशन केलंयस ना? इथं ठिणग्या उडतात."

"केलंय चाचा," निकिता म्हणाली. "दोन्ही बाजूंनी."

शेडच्या कोपऱ्यात रंगकाम करणारे वैजनाथ हसले. वैजनाथ सदाशिव पेठेत वाढलेले, बोलणं कमी आणि तेही तिरकं. "घ्या," ते म्हणाले, "उत्तर देणारी आली. आता शेडमध्ये कंटाळा यायचा नाही."

मुलीचा हात चांगला होता. तिची वेल्डिंगची शिलाई एकसारखी, मण्यांच्या माळेसारखी उतरायची. चाचा ते बघायचे, पाठमोरे होऊन आपलं काम करायचे, आणि काही बोलायचे नाहीत. आपल्याला जसं मिळालं तसंच तिला मिळू दे, असं त्यांना वाटायचं. ती काही विचारायला आली तर तेही म्हणायचे, "बघ की." दुसऱ्या महिन्यात तिने विचारणं सोडलं आणि बघायला लागली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लोणी काळभोरच्या एका शाळेचा झोका बनत होता. दोन बाजूंना दोन घोड्या, वर आडवा पाइप, त्याला दोन पाट. चाचांनी सोमवारी डावी घोडी केली. मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जाताना त्यांनी नेहमीसारखं भिंतीवर खडूने पायांचं माप लिहिलं, '७-३', आणि निकिताला म्हणाले, "उजवी तू कर."

पूर्ण घोडी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. तिने ती इतकी सुंदर केली की बुधवारी वैजनाथांनीही रंगाचा ब्रश खाली ठेवून सांध्यांवरून बोट फिरवलं. अंगणात झोका जोडून बघितला. चाचांनी एक डोळा मिटला. "लाइनीत आहे," ते म्हणाले.

शनिवारी टेम्पो लोणी काळभोरला पोहोचला. शाळेने सपाट काँक्रीटचा ओटा आधीच करून ठेवला होता. पाय बोल्टांनी कसले. मुख्याध्यापिका सुनीतीबाई छत्री उन्हाला धरून उभ्या, आणि त्यांच्यामागे दोरीपलीकडे अख्खी शाळा. जुन्या शिरस्त्याप्रमाणे चाचा निकिताला म्हणाले, "बस."

निकिता बसली. एक हेलकावा दिला, दुसरा दिला. तिसऱ्या हेलकाव्याला झोका पुढेमागे जायचं सोडून बाजूला सरकू लागला, मारक्या म्हशीने शेपटी झटकावी तसा.

"बाई, झोका तिरका हाय," दोरीपलीकडून एक पोरगी मोठ्याने म्हणाली.

निकिता उतरली. तिने टेम्पोतून पाणसळ आणली आणि शिडीवर चढून आडव्या पाइपवर ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मधे थांबायला तयार नव्हता.

"सासरी निघालाय," वैजनाथ म्हणाले, पण हळूच.

चाचांनी दोन्ही बाजूंच्या पायांना टेप लावला. डावा पाय बरोबर. उजवा लांब. खडकीचं अंगण गटाराकडे उतरत होतं, उजवी घोडी उताराच्या बाजूला उभी होती, आणि उताराने तिची वाढलेली उंची गिळून टाकली होती. एक डोळा मिटून चाचांनी जे सरळ म्हटलं होतं, ते अंगणाइतकंच वाकडं होतं.

"चाचा, मी बरोबर मापाचं कापलंय," निकिता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "भिंतीवर होतं तसंच. सात फूट तीन इंच."

"तीन इंच?" चाचा म्हणाले. "तीन सूत लिहिलंय मी. सात फूट तीन सूत."

"सूत म्हणजे?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शेडमध्ये एकतीस वर्षं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कधी कुणी बोललंच नव्हतं. आयटीआयमध्ये तिला मिलिमीटर शिकवले होते. टेपवर तिला इंच दिसले होते. सूत कुठल्या पुस्तकातही नव्हतं आणि टेपवरही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त चाचांच्या डोक्यात होतं, आणि तीन महिने तिने चाचांच्या पाठीकडे बघितलं होतं. पाठीवर काय वाचता येणार?

एवढ्यात दिग्विजयची गाडी आवारात शिरली. त्याने पाणसळ बघितली, पोरांची गर्दी बघितली, आणि चाचांना बाजूला घेतलं.

"रहीमभाई, डाव्या पायांखाली पट्ट्या घाला. वरून सिमेंट फिरवा. कुणाला कळणार आहे?"

"बाईंना नाही कळणार," चाचा म्हणाले. "पोरांना नाही कळणार. पण रोज दोनशे पोरं बसतील. हिसक्याने पट्टी सैल होईल, मग बोल्ट सैल होईल. मग सगळ्यांनाच कळेल."

"मग चूक कोणाची? आज तिचे तीन महिने पुरे होतायत. तुम्हीच सांगायचंय मला."

निकिता चार पावलांवर उभी होती. तिला ऐकू जात होतं. हातमोजे काढून तिने त्यांची नीट घडी घातली होती, परत करायचे असल्यासारखी.

चाचांनी ती घडी बघितली. एकतीस वर्षांत 'माझी चूक' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांनी एकदा घसा खाकरला.

"भिंतीवर अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "तिने जे वाचलं तेच कापलं. मी जे लिहिलं नाही ते तिनं कसं वाचावं? चूक माझी."

वैजनाथांनी कानात बोट घालून हलवलं. "रहीमभाई, परत एकदा म्हणा. रंगाने कान बुजलाय माझा."

"चूक माझी!" चाचा ओरडले, आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा ते शब्द सोपे गेले. दोरीपलीकडच्या पोरांनी, का ते न कळताच, टाळ्या वाजवल्या.

दिग्विजय हसला. "मग आता?"

"आता कापायचं. निकिता, मोजे घाल. कटर काढ. पायांच्या तळाची बोल्टाची पट्टी कापून काढायची, पाय आखूड करायचे आणि ती परत जोडायची. किती कापायचं?"

दोघंही एकदम हिशोबाला लागले. निकिताने तळहातावर बोटाने आकडे मांडले. चाचांनी आकाशाकडे बघितलं. तीन इंच म्हणजे चोवीस सूत, त्यातून तीन गेले.

"एकवीस सूत," चाचा म्हणाले.

"सहासष्ट पूर्णांक सात मिलिमीटर," निकिता म्हणाली.

दोघांनी आपापली खूण पायावर केली. चाचांनी खडूने, तिने टोकदार सळईने. मग दोघं वाकून बघू लागली, आणि वैजनाथही वाकले. खडूच्या जाड रेघेच्या बरोबर पोटातून सळईची बारीक रेघ गेली होती.

"जुळलं बाई सूत," वैजनाथ म्हणाले.

निकिताने कापलं, निकितानेच जोडलं. चाचा या वेळी पाठमोरे उभे राहिले नाहीत. वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर धरून तिच्या शेजारी उकिडवे बसले, आणि सगळा वेळ बोलत राहिले. वेल्डिंगची कांडी किती तिरपी धरायची, जाड पाइपवर हात कुठे थबकवायचा, लोखंड लाल झालं की ते कुठल्या बाजूला ओढ घेतं. आपल्याकडे एवढं बोलण्यासारखं आहे, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. निकिताने मधेच काच वर केली.

"चाचा, हे सगळं मला तीन महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं?"

"मलाही कुणी नव्हतं सांगितलं."

"मग तुम्हाला राग नाही यायचा?"

"यायचा ना," चाचा म्हणाले. "फार यायचा." आणि ते इतके मोकळे हसले की काच हातातून निसटता निसटता राहिली.

दुपारी झोका पुन्हा उभा राहिला. बुडबुडा पाइपच्या मधोमध येऊन गप्प बसला. निकिता पुन्हा बसली. झोका पुढे गेला, मागे आला, पुढे गेला, मागे आला. मग शेजारच्या पाटावर चाचा बसले. साठीला टेकलेला माणूस आणि चोवीस वर्षांची पोरगी, दोघं एका लयीत वर जाताना बघून शाळा किंचाळायला लागली. सुनीतीबाईंची छत्री कधी मिटली ते त्यांनाही कळलं नाही.

"दिग्विजय," चाचा वरूनच ओरडले, "हिला कायम कर! आणि आयटीआयमधून आणखी दोन पाठव माझ्याकडे!"

"दोन? आधी एकसुद्धा नको होती तुम्हाला."

"तेव्हा मला शिकवता येत नव्हतं!"

दोरी सोडली आणि पोरं सांडलेल्या चुरमुऱ्यांसारखी ओट्यावर पसरली. सामान टेम्पोत भरण्याआधी चाचांनी निकिताला खूण केली. ती झोक्याखाली उताणी पडली. पाटाखाली 'र' होता, नेहमीचा. वेल्डिंगच्या उरलेल्या कांडीने तिने त्याच्या शेजारी एक अक्षर ओढलं. गरम अक्षर निवलं, तशा सुनीतीबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि शिक्षकाच्या नजरेने पाटाखाली बघू लागल्या.

"रनि?" त्या म्हणाल्या. "राणी लिहायचंय का तुम्हाला? मग काना राहिलाय. ण बाणातला हवा, आणि वेलांटी दुसरी. तीन चुका आहेत हो. ही शाळा आहे, मुलं वाचतील."

निकिता उताणीच हसत राहिली. वैजनाथ खिशातला खडू काढून चाचांपुढे धरून उभे राहिले. "घ्या," ते म्हणाले, "पाच मिनिटांत आणखी तीन चुका. आज तुमचा हात चांगलाच सैल सुटलाय."

"अहो बाई, चुका नाहीत त्या," रहीमचाचा म्हणाले, आणि झोक्याची साखळी सरळ करत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन माणसं आहेत."