काचेवर आलेला झेंडा

दाजी खरं तर एकाच माणसाचे दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्यांना तसं म्हणायचा. तो बारा महिने फुटबॉलच्या मैदानावर पडीक, आणि त्याचा आवाज असा की सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याचं ऐकून अख्खा क्लबच त्यांना दाजी म्हणू लागला. न्हावी म्हणे दाजी, शिंपी म्हणे दाजी, गोलरक्षकाची आईसुद्धा म्हणे दाजी. एके काळी त्यांना याचं कौतुक होतं. पुढे त्या शब्दाचीच चीड यायला लागली.

"सगळ्या गावाचा मी दाजी," ते बायकोला म्हणायचे, "पण चौकशीच्या दिवशी एक मेहुणा फिरकला नाही."

ती चौकशी क्लबने चषक जिंकला त्या वर्षीची. दाजी तेव्हा बस डेपोत ड्रायव्हर होते. क्लबची ख्याती म्हणजे दरवर्षी तळाला जाऊन बसायचं, आणि त्या वर्षी कुणाचं नशीब कुठे फळलं कोण जाणे, गडी थेट अंतिम सामन्यात. सामना परगावी. क्लबवाल्यांनी डेपोची बस ठरवली आणि दाजींनी साहेबांच्या मागे लागून ती ड्यूटी मागून घेतली. लहानपणी कुंपणाच्या तारेला लोंबकळून त्यांनी याच क्लबचे सामने पाहिले होते.

पण ड्रायव्हरने बस सोडायची नाही असा डेपोचा नियम. बाकीचे आत गेले आणि दाजी मैदानाच्या भिंतीबाहेर स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. त्यांनी तो सामना कानांनी पाहिला. एकदा सगळी भिंत कण्हल्यासारखी झाली, तेव्हा कळलं, आपल्यावर गोल बसला. मग बरोबरी. आणि शेवटी शेवटी असा आवाज उठला की बसच्या काचा थरथरल्या. रिकाम्या बसमध्ये एकट्याने त्यांनी हॉर्न दाबून धरला आणि ढसाढसा रडले. सामना बघायला मिळाला नाही याची तक्रार त्यांनी कधी केली नाही.

परतीच्या वाटेवर पोरं टपावर चढली. दाजींनी गाडी थांबवून आरडाओरडा केला की खाली उतरायची, गाडी हलली की पुन्हा वर. गावात शिरताना पहिल्या चौकात टपाच्या पुढच्या टोकाला भोंगा उभा होता. त्याच्या हातात शिंप्याने शिवलेला, चादरीएवढा झेंडा. नाचता नाचता त्याने तो सोडला आणि झेंडा सरळ दाजींच्या समोरच्या काचेवर येऊन पसरला. पुढचं काहीच दिसेना. दाजींनी ब्रेक मारला, गाडी फूटपाथवर चढली आणि दिव्याच्या खांबाला जाऊन भिडली. कुणी दगावलं नाही. भोंग्याचं गळ्याखालचं हाड मोडलं, आणि तिथला उंचवटा तो अजून पदकासारखा दाखवतो.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी विचारलं, बस कशी ठोकली रे? गळ्यात हात अडकवलेला भोंगा म्हणाला, "काय सांगू, चषक आम्हाला मिळाला आणि चढली दाजींना."

दुकान हसून लोटपोट झालं. दुपारच्या आत तो विनोद डेपोत पोचला. दाजींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता, पण साहेब म्हणाले, सगळं गाव तेच सांगतंय. दाजी घरोघर फिरले. चौकशीला या, एवढंच सांगा की मी शुद्धीत होतो. "येतो ना दाजी, म्हणजे काय!" सगळे म्हणाले. आला कुणीच नाही. आला असता तर टपावर कोण कोण होतं, हेही सांगावं लागलं असतं.

दाजींचं स्टिअरिंग गेलं. त्यांना धुलाईवर टाकलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हातात पाण्याचा पाइप धरून दुसऱ्यांच्या बस धुतल्या. पायांची बोटं ओलीने कुजायची. कालची पोरं गाडी आणून लावायची आणि वर सांगायची, "दाजी, पुढची काच नीट बघा हां." वडील गेले, तेही पोरगा पिऊन गाडी चालवतो हे मनात घेऊन. आणि इकडे दरवर्षी विजयाच्या दिवशी क्लबात आठवणी निघत. कुणी पास सांगे, कुणी गोल, आणि शेवटी भोंगा बसची गोष्ट सांगे.

या वर्षी मोठा सोहळा होता. भोंगा आणि शिंपी दाजींच्या घरी येऊन बसले.

"दाजी, बस सजवतोय. मिरवणुकीत पुढे बसायचं तुम्ही. स्टिअरिंगवर."

"चालू बस की बंद?"

"ढकलणार आहोत," शिंपी म्हणाला. "इंजिन नाही तिला."

"म्हणजे मला शोभेला ठेवणार. बुजगावणं."

"तसं नाही हो दाजी. तुमच्याशिवाय ती गोष्ट पुरी होते का?"

"गोष्ट तू पुरी कर," दाजी म्हणाले. "माईकवर सांग, झेंडा तू सोडलास आणि मी शुद्धीत होतो. मग बसतो. वाटलं तर बॉनेटवर बसतो."

भोंग्याने बहिणीकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? तोंड तुझं आहे. आजवर कधी बंद राहिलं नाही, आता का दातखीळ बसली?"

"सांगतो ना ताई. त्यात काय."

सोहळा क्लबच्या हॉलमध्ये होता. दाजी इतक्या वर्षांनी तिथे पाऊल टाकत होते. ते मागच्या रांगेत बायकोशेजारी बसले. भोंग्याने माईक हातात घेतला. सामना त्याने नेहमीप्रमाणे रंगवला. मग बस आली, टप आला, चौक आला. एवढ्यात पुढच्या रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "आणि चढली कुणाला?"

"दाजींना!" अख्खा हॉल म्हणाला.

भोंग्याने दाजींकडे पाहिलं. मग लोकांकडे पाहिलं. ते हसायला टपलेच होते. तो म्हणाला, "आता तुम्हालाच पाठ आहे, तर मी काय सांगू."

टाळ्या पडल्या. दाजी उठले. गुडघे दुखत होते, तरी चढले स्टेजवर आणि त्यांनी माईक काढून घेतला.

"मी प्यालो नव्हतो," ते म्हणाले.

हॉल पुन्हा हसला. हे त्यांना गोष्टीतलंच वाटलं.

"हसून घ्या. मी थांबतो." ते खरंच थांबले. हसू रांगेरांगेने विझत गेलं. "झेंडा काचेवर आला होता. मला रस्ता दिसत नव्हता. टपावर तुम्ही होता. तू होतास, शिंपी. अध्यक्ष, तुम्हीपण होता. तुमच्या दाराशी मी आलो होतो, तुम्ही येतो म्हणालात. मग मी बस धुतल्या. तुम्ही इथे बसून माझ्यावर हसलात. दरवर्षी."

क्लबचे अध्यक्ष टाळ्या वाजवत उठले. "वा दाजी, काय सांगितलंत! अशाच आठवणी हव्यात आपल्याला."

"गप्प बसा हो," दाजी म्हणाले. "ही आठवण नाही." त्यांनी माईक भोंग्याच्या तोंडापुढे धरला. "खरं की खोटं. एवढंच."

"दाजी, आता कशाला..."

"खरं की खोटं?"

"खरं," भोंगा म्हणाला.

"काय म्हणाला?" मागून आवाज आला.

"परत सांग. त्यांना ऐकू गेलं नाही."

"खरं आहे. झेंडा मी सोडला. दाजी शुद्धीत होते." मग त्याने कळवळून दाजींचा हात धरला. "पण आपण जिंकलो होतो ना दाजी. त्या दिवशी कुणाला कशाचं भान होतं?"

"जिंकल्याच्या दिवसाचं मी बोलतच नाही," दाजींनी हात सोडवून घेतला. "त्या दिवशी मीपण नाचलो असतो. मी चौकशीच्या दिवसाचं विचारतोय. त्या दिवशी कुठला सामना होता?"

शिंपी खाली बघून टोपीची शिवण चाचपत होता. अध्यक्षांनी घसा खाकरून विचारलं, "मग दाजी, मिरवणुकीला बसणार ना आता?"

"तुम्ही बसा. ढकलायची सवय आहे तुम्हाला, दुसऱ्यावर."

ते खाली उतरले. बायको चपला घालून दाराशी उभीच होती. दोघं घराच्या रस्त्याला लागली. मग तिने विचारलं, "गेला का राग?"

"नाही."

"मला वाटलं होतं, जाईल म्हणून."

"बाप ऐकायला असता तर गेला असता," दाजी म्हणाले, आणि तरातरा पुढे चालू लागले. तिला त्यांच्या मागे जवळजवळ पळावं लागलं.