चाकाला हात

वाल्मीकभाऊ बावीस वर्षं आमच्या फिरत्या दवाखान्याची गाडी चालवतो. मी सरुबाई, त्यातली नर्स. बाजाराच्या दिवशी आम्ही नाशिकहून हरसूलकडच्या पाड्यांवर जातो. रस्ताभर मी पेंगते, ते मला कबूल आहे.

पहिली जीप ताडपत्रीची. आडवे बाक, पाऊस थेट मांडीवर, हाडं खिळखिळी. दुसरीला पत्र्याचं छत आलं, दारं आली. पण ओढा लागला की दोन्हींचं एकच. भाऊनं उतरायचं, पाण्यात शिरून अंदाज घ्यायचा, मग पुढच्या दोन्ही चाकांवरचे खटके वाकून हातानं फिरवायचे. तेव्हा कुठे चारही चाकांना जोर यायचा. कट्. कट्. अर्धवट झोपेत तो आवाज आला की वाटायचं, चला, पोचलोच आता. मग खरी झोप लागायची. स्वप्नात गाडी धुक्यावरून जायची, खड्डा नावाला नाही.

यंदा तिसरी आली. पांढरीशुभ्र, आत एसी, आणि खटक्यांच्या जागी एक बटण. आमच्या डॉक्टर तेजश्रीताई म्हणाल्या, "काका, आज चालवून दाखवा. नाही जमलं तर नवा माणूस बघावा लागेल."

गेले आठ दिवस भाऊ त्या बटणाचा पाठ गिरवत होता. गाडी हातातून गेली तर हा माणूस घरात बसून वाळून जाईल, हे मला ठाऊक होतं.

ओढा आला. भाऊ उतरला, पाण्यात जाऊन आला आणि सवयीनं वाकून चाकावर हात फिरवू लागला. तिथे काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत. मी मनातल्या मनात ओरडले, मेल्या, बटण आहे ना आत!

"चाकाची हवा बघतोय तो," मी ताईंना थाप मारली.

भाऊ दाराशी आला. चावी पुढे करून म्हणाला, "इसरलो ताई. खोटं नाय बोलत. पण मधला दगड वाहून गेलाय. वरच्या अंगानं घाला, नायतर गाडी बसंल."

ताई पाण्याकडे बघत राहिल्या. गढूळ, वरून सपाट. सीटवर बसून कुणाला काही कळलं नसतं.

"चावी तुमच्याकडेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "बटण मी दाबीन. पाणी तुम्ही बघा."

भाऊचे डोळे भरून आले. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले.

गाडी पाण्यात शिरली. आवाज नाही, हिसका नाही. मला मेली झोपच येईना. भाऊनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि जीभ टाळूला लावून वाजवली. कट्. कट्.

मी डोळे मिटले.